डिजिटल नागरिकत्व: नियम तोंडपाठ, पण ग्रुपवर तेच! वर्गात करून काय घ्यावं?

फळाखडू:
आठवीला डिजिटल नागरिकत्व, म्हणजे नेटवर जबाबदारीने वागणं, शिकवायला ४० मिनिटांच्या ६ तासिका आहेत, संगणक १०, मुलं ४०. 'खात्री न करता फॉरवर्ड करू नका' हे सगळे घडाघडा म्हणतात आणि वर्गाच्या ग्रुपवर येईल ते पुढे ढकलतात. पोस्टर, भाषण, प्रतिज्ञा सोडून काही सुचवा.

उलटतपासणी:
'खात्री करा' ही सूचनाच अपुरी आहे. म्हणजे कुठे क्लिक करायचं? ते शिकवा. एका संगणकावर चौघं, प्रत्येक गटाला ४ पोस्ट आणि २० मिनिटं. पोस्ट वाचत बसायचं नाही. नवा टॅब उघडून ती कोणी लिहिली, त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधायचं. फोटो असेल तर तो गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाकायचा; तोच फोटो वेबवर आणखी कुठे आहे ते ही साधनं शोधतात. टिनआयमध्ये सर्वांत जुना निकाल वर आणता येतो, पण ती तारीख त्यांना फोटो वेबवर सापडल्याची असते, काढल्याची नव्हे. मुलं इथे हमखास फसतात. दुसरी चूक: काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं धरणं. फोटोवर छापलेला मजकूर कापून पुन्हा शोधायला लावा.

४ पैकी किमान एक पोस्ट खरी ठेवाच. सगळ्याच खोट्या दिल्यात तर मुलं तपासायला नाही, 'नेटवर सगळं खोटंच' म्हणायला शिकतात. 'ठरवता येत नाही' या उत्तरालाही पूर्ण गुण द्या.

कुलूपकिल्ली:
यात ३ तासिका सहज जातील. खासगीपणाला एक पुरे. स्वतः काढलेला, कोणीही माणूस नसलेला एक फोटो दाखवा आणि त्यातून काय काय कळतं ते लिहायला सांगा: पाटी, गाडीचा नंबर, खिडकीबाहेरची इमारत. मग फाइलमधली लपलेली माहिती उघडा. लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही सापडतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात. मुलांची खरी खाती मात्र पडद्यावर उघडू नका. खासगीपणाच्या तासाला तेच करणं म्हणजे कमालच.

फळाखडू:
आणि ग्रुपवर एखाद्याला टार्गेट करतात, त्याचं काय?

मधली_सुट्टी:
क्रम शिकवा: आधी पुरावा, मग तक्रार, मग ब्लॉक. बहुतेक मुलं रागात आधी ब्लॉक करतात किंवा चॅट उडवतात, आणि दाखवायला काही उरत नाही. स्क्रीनशॉटमध्ये नाव, तारीख, वेळ दिसायला हवी; प्रोफाइलची लिंक वेगळी जपायची.

याला एक अपवाद आहे, तो ठासून सांगा. अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा नग्न फोटो आला तर स्क्रीनशॉट नाही, 'पुरावा' म्हणून शिक्षकांना पाठवणंही नाही. त्या प्रती पसरवणं हाच गुन्हा ठरू शकतो. फोन तसाच मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा.

बघ्यांसाठी: ग्रुपवर भांडायला लावू नका, तमाशा वाढतो. ज्याला त्रास होतोय त्याला वेगळा मेसेज करायचा. तो काय लिहायचा ते वर्गात प्रत्येकाकडून दोन ओळींत लिहून घ्या. 'दुर्लक्ष कर' हे वाक्य चालणार नाही, असं आधीच सांगून ठेवा.