रंगांची तपासणी: ठिपक्यांच्या पुस्तकात ८ ऐवजी ३ दिसतो, आता पुढे कुठे दाखवायचं?

प्रतापनगर_ताई
नमस्कार. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, आयटीआय झालाय, असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरतो म्हणतो. चष्म्याच्या दुकानात ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं तर पहिल्या पानावरचा १२ पटकन वाचला, दुसऱ्या पानावर मात्र ८ ऐवजी ३ म्हणाला. हिरवट संत्रं आणि पिकलेलं संत्रं शेजारी ठेवलं की रंगावरून सांगत नाही, दाबून पाहतो. नागपुरात नीट तपासणी कुठे करावी? डोळ्यात औषध टाकतात का? आणि यावर उपाय आहे का?

दृष्टीतपासनीस_धंतोली
ताई, ८ च्या जागी ३ हे लाल-हिरव्या दोषाचं नेहमीचं उत्तर आहे. पण एका पानावरून निकाल लावू नका. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानचं एम्स, यांच्या नेत्र विभागात दाखवा, धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात जाणार असाल तर आधी फोनवर विचारा, "इशिहारा पूर्ण घेता का, आणि डी-१५ आहे का?" नुसतं "कलर टेस्ट करता का" विचारलं तर सगळेच हो म्हणतात. इशिहारा म्हणजे हेच ठिपक्यांचं पुस्तक; डी-१५ चं खाली सांगतो.

पुस्तक डोळ्यांपासून ७५ सेंमीवर, नजरेला काटकोनात धरायचं. एका पानाला साधारण ३ सेकंद. चुका इथेच होतात. मूल पुस्तक नाकाशी ओढतं, बोटाने आकडा गिरवतं, किंवा खोलीत पिवळा बल्ब असतो. पिवळ्या उजेडात काही दोष असलेल्यांनाही जास्त पानं वाचता येतात, म्हणजे निकाल खोटाच चांगला येतो. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड हवा; पण मे महिन्यातलं आपलं ऊन थेट पानावर पडू देऊ नका, चकाकी येते आणि पानांचे रंगही उडतात. रंग उडालेल्या पुस्तकावर चांगली नजर असलेलाही अडखळतो. मोबाइलवरच्या टेस्टवर अजिबात विसंबू नका, प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा.

२४ पानांच्या आवृत्तीत पहिली १५ पानं मोजतात: १३ किंवा जास्त बरोबर असली तर नजर ठीक, ९ किंवा कमी असली तर दोष. मधल्यांना पुढची तपासणी लागते. त्यानंतर २६ आणि ४२ हे आकडे असलेल्या पानांवरून प्रकार कळतो. २६ मधला फक्त ६ आणि ४२ मधला फक्त २ दिसला तर लालाकडचा दोष. उलट, फक्त २ आणि फक्त ४ दिसले तर हिरव्याकडचा. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो.

किती तीव्र आहे हे मात्र इशिहारा नीट सांगत नाही. त्यासाठी डी-१५: एक टोपी (छोटी रंगीत चकती) पेटीत पक्की बसवलेली, बाकी १५ रंगीत टोप्या तिच्यापासून जवळच्या रंगाच्या क्रमाने लावायच्या. सौम्य दोष असलेला यात पास होतो, तीव्र असलेल्याने लावलेला क्रम आलेखावर जोडला तर रेषा आडव्यातिडव्या जातात.

औषधाचं म्हणाल तर रंगतपासणीला ते लागत नाही. बाहुली मोठी करायचीच असेल तर रंग आधी तपासून घ्या, कारण नंतर जवळचं अंधुक दिसतं. नंबर असेल तर चष्मा लावूनच बसवा, फक्त रंगीत काचांचा नको.

रेल्वे_मेडिकल_माहितगार
लोको पायलट रेल्वेच्या ए-१ या वैद्यकीय श्रेणीत येतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ हवेत, आणि रंगांची नजर पूर्ण चांगली हवी, सौम्य दोषालाही सूट नाही. इशिहारासोबत एड्रिज-ग्रीन कंदिलावरही पाहतात: अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून रंगीत उजेड येतो, रंग सांगायचा. पानं पाठ करून इथे काही साधत नाही, आणि सिग्नल चुकला तर मागे अख्खी गाडी आहे. ए-१, ए-२, ए-३ आणि बी-१ मध्ये रंगतपासणी आहे. बी-२, सी-१, सी-२ मध्ये नाही. जाहिरातीत प्रत्येक पदापुढे श्रेणी दिलेली असते, ती बघूनच फॉर्म भरा जी. वर्षभर अभ्यास करून शेवटच्या मेडिकलला पोरगा परत येतो, ते फार वाईट.

औषधांविषयी_जाणकार
एक विचारायलाच हवं: हे लहानपणापासून आहे की अलीकडचं? जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि वाढत नाही. एका डोळ्यात जास्त असेल किंवा लाल रंग हल्ली फिका वाटत असेल तर गोष्ट वेगळी. टीबीच्या एथाम्ब्युटॉलने डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते, आणि लाल-हिरव्यातला गोंधळ हे तिचं सुरुवातीचं लक्षण. म्हणून ते औषध चालू असलेल्यांची दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी करतात. असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. निळ्या-पिवळ्याचा दोष इशिहारात कळत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रतापनगर_ताई
लहानपणापासूनच आहे, औषध कुठलंच नाही. मामालाही असंच आहे. मग माझ्या मुलांना होईल का? आणि भावाला गाडीचं लायसन्स मिळेल ना?

दृष्टीतपासनीस_धंतोली
मामाला आणि भावाला आहे, म्हणजे दोष आईकडून आला. हा एक्स गुणसूत्रावरचा दोष. तुम्ही तो वाहून नेत असण्याची शक्यता निम्मी. नेत असाल तर तुमच्या प्रत्येक मुलग्याला होण्याची शक्यता पुन्हा निम्मी. मुलगा शाळेत जायच्या वयाचा झाला की एकदा तपासून घ्या. आकडे येत नसतील तर वळणदार रेषांची पानं असतात, त्यावर बोट फिरवायला सांगतात.

जन्मजात दोषावर औषध किंवा ऑपरेशन नाही. रंगीत चष्म्याने काही छटांतला फरक ठळक होतो, पण नजर बदलत नाही, आणि नोकरीच्या मेडिकलला तो चालत नाही. महागाचा घेऊ नका.

लायसन्सची काळजी सोडा. जून २०२० मध्ये केंद्राने नियम बदलले. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना लायसन्स मिळतं, तीव्र असेल तरच अडतं. म्हणून डी-१५ चा लेखी रिपोर्ट घ्या, त्यावर तीव्रता लिहून मागा.