शेतीत पोरं टिकत नाहीत ते भावामुळं का एकटेपणामुळं?

बांधकरी:
आमच्या लातूर साईडला सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इर्जिक घातली की गावातली औतं एकाच रानात आणि संध्याकाळी मालकाकडं जेवण. आता ट्रॅक्टरवाल्याला फोन लावा, एकरी पैसे द्या, विषय संपला. भाव हे कारण आहेच, नाही म्हणत नाही, पण पंचविशीतलं पोरगं दिवसभर रानात एकटं आणि मोबाईलवर बघतंय मित्र पुण्यात मजा करतेत, मग ते कशाला थांबंल? पानी फाउंडेशनचा फार्मर कप बघा, शेतकरी गटांची स्पर्धा, 2022 ला सुरू झाली, तिथं गट करूनच उतरायचं. बियाणं मिळून घ्यायचं, एकमेकाच्या रानात जाऊन पीक बघायचं. पोरं अशा कामाला हौसेनं येतेत.

कोरडवाहू:
सावडीचं कौतुक पुरे झालं भाऊ. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 आणि बाजारात बेचाळीसशेच्या पण खाली मागत होते, गट केला म्हणून व्यापारी जास्त देतो का? 2015-16 च्या कृषी गणनेत राज्यात खातेदारामागं सरासरी जमीन 1.34 हेक्टर, त्यात दोघं भाऊ वाटणीला. सोलापुरात डिसेंबर 2022 ला पोरं बाशिंग बांधून घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली, बायको द्या म्हणून. ती काय एकटी पडली होती? चांगली गर्दी होती की 😀

खुरपं_आणि_पेन:
त्या मोर्चाची अर्धीच गोष्ट सांगताय. गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा ही पण मागणी होती त्यांची. मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत तर लग्नाला कुठून येणार! आणि सावड मोडली असं म्हणताय ती पुरुषांची, खुरपणीला आम्ही बायका अजून जातो एकमेकींकडं. सातबारा मात्र नवऱ्याच्या नावावर. 1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेचं एवढं मोठं महिला अधिवेशन झालं, नंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. तुमच्यापैकी कुणी केली का? सगळा धागा पोरं पोरं, पोरींना शेती करायचीय का हे विचारलंय कुणी?

बांधकरी:
ताई मुद्दा मान्य, आमच्यात आईच्या नावावर गुंठाभर पण नाही. पण कोरडवाहू, नाशिककडच्या मोहाडीचं सह्याद्री फार्म्स बघा ना, शेतकऱ्यांचीच कंपनी. एकट्या द्राक्षवाल्याला युरोपात माल पाठवणं जमलं असतं का?

कोरडवाहू:
द्राक्षाला पाणी आहे, पैसा आहे. आमच्याकडं कंपनी काढली ती अनुदानापुरती, बोर्ड लागलाय, कुलूप पण लागलंय. आणि गट कुणाबरोबर करू? चुलत्यानं नांगराची दोन तासं बांध कोरलाय, पाणंद अडवलीय म्हणून तहसीलला केस चालू आहे, तारखेला गेलो की तोच समोर उभा.

खुरपं_आणि_पेन:
मग त्याच्या पोराशी बोला. बांध त्यानं नाही कोरलेला.