कच्चं मडकं

"तीन वेळा नीटची परीक्षा देऊनही एमबीबीएस लागलं नाही, आता माझी किंमत काय," असं तुम्ही विचारलंत. ७२० पैकी किती पडले ते लिहिलंत, पण स्वतःबद्दल दुसरं काहीच नाही. तेच मला खुपलं.

मी परभणीकडचा. सहा वर्षं राज्यसेवेत घातली. पूर्व निघायची, मुख्य अडायची, एकदाच मुलाखतीपर्यंत गेलो. गावात लोक निकालाआधीच 'साहेब' म्हणायला लागले होते, म्हणून परत आल्यावर पारावरून जायचं टाळायचो, मागच्या वाटेनं शेत गाठायचो. सोयाबीन काढणीचे दिवस. दिवसा मळणीयंत्रावर उभा राहायचो, रात्री राशीपाशी झोपायचो. आईनं निकालाचं एकदाही विचारलं नाही. रोज एवढंच, "भाकर पुरली का रे?" तिच्या लेखी मी कुठल्या यादीत नव्हतोच, ना पास ना नापास. हे उमजायला मला दोन वर्षं लागली.

आपल्याकडं नामदेवांची गोष्ट सांगतात. तेरला भर संतमंडळीत गोरोबाकाका कुंभारांनी, मडकं तपासावं तसं, डोक्यावर थापटून त्यांना कच्चं मडकं ठरवलं. विठ्ठलाचा एवढा लाडका माणूस, किती लागलं असेल! विठ्ठलानं त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडं, गुरू करायला धाडलं, पण कच्चा म्हणून टाकून नाही दिलं. पडत्या काळात मी याच जागी परत परत येत होतो.

लातूरच्या खोलीवर एकटे असाल तर दिवाळीची वाट बघू नका. उद्याच्या एसटीनं घरी जा, पोटभर जेवा, झोपा. बीएस्सी की नर्सिंग, ते आठ दिवसांनी बघा.