दिवाळीनंतरचा आठवडा : मंडई, दंडार आणि रात्रभर नाटक. तुमच्या गावचे अनुभव लिहा

भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागतो. हलका धान निघालेला असतो, हातात थोडा पैसा असतो आणि गावागावाचा दिवस ठरलेला असतो. आज आमची मंडई, उद्या शेजारची, परवा मावशीच्या गावची. या आठवड्यात माणूस घरी कमी आणि पाहुणपणात जास्त. दिवसा दंडार आणि खडी गंमत ही नाच-गाण्यांची लोकनाट्यं, जिलेबीची आणि खेळण्यांची दुकानं. रात्री दहाच्या पुढे नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत.

झाडीपट्टीवर, म्हणजे आमच्या या भागावर आणि इथल्या नाटकांवर, हल्ली बरंच लिहिलं जातं, पण त्यात बहुतेक उलाढालीचे आकडे असतात. वर्गणी, मांडव, पाहुण्यांचा भात, कलावंतांची झोपायची सोय, हे सगळं गाव स्वतः उभं करतं, ते कुठे येत नाही. मला तेच वाचायचं आहे. वऱ्हाडातल्या मंडळींनीही तुमच्याकडचं लिहा.

मंडळाचा कार्यकर्ता, ब्रह्मपुरी तालुका

आमची सुरुवात वडशाला, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, होते. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे आहेत. दसऱ्याच्या आसपास आम्ही चार-पाच जण जातो. भिंतीवर पोस्टरं, टेबलावर तारखांची वही. नाटक कोणतं हे नंतर, आधी आमचा प्रश्न : "विनोदी पार्ट कोण करते? ऑर्गनवर कोण हाय?" ते पटलं, तारीख जुळली, की इसार द्यायचा आणि पावती घ्यायची.

पुढचं काम गावात. धान कापलेल्या बांधीतले धसकट काढायचे, जमीन सपाट करायची, बांबू गोळा करायचे, कनात लावायची. खुर्चीचं तिकीट वेगळं आणि जमिनीचं वेगळं. जमिनीवर बसणाऱ्यांसाठी आम्ही तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरतो. ती प्रत्येक घरून एक-एक भारा येते आणि कोणी दिली नाही असं होत नाही. ज्याच्याकडे शेती नाही तो रात्रभर गेटवर उभा राहतो. मागे तिकिटातून खर्च निघून जे उरलं त्यातून शाळेच्या आवाराला भिंत घातली. पोट्टे आता त्या भिंतीवर पुढच्या नाटकाची पोस्टरं चिकटवतात.

साकोलीकडची सून, माहेर वर्धा जिल्हा

माझ्या माहेरी दिवाळीत कापूस वेचायची घाई. सण आटोपला की दुसऱ्या दिवशी बाया वावरात. लग्नानंतर पहिल्यांदा मंडई पाहिली तेव्हा मी घाबरूनच गेले. सकाळपासून पाहुणे येत होते, आणि त्यातल्या निम्म्यांची नावं घरातल्यांनाही पटकन सांगता येत नव्हती. मी सासूबाईंना विचारलं, "आई, किती जणांचा स्वयंपाक करायचा?" त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "पाहुणे मोजाचे नाई बाई, तांदूळ मोजाचे."

अंगणात तीन दगडांच्या चुली मांडतात. एकीवर भाताचा गंज, दुसरीवर वांगे-आलू, तिसरीवर वडे तळायची कढई. शेजारच्या बाया आपापलं लाटणं-पोळपाट घेऊन येतात, दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जातो. संध्याकाळी भांडी आवरून सगळ्या जणी चादरी काखेत घेऊन नाटकाला. लेकरं तणसावर झोपतात, त्यांच्यावर पांघरूण टाकायचं आणि पुढे पाहत राहायचं. माझ्या नणंदेला मुलाकडच्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते मंडईतच, बांगड्यांच्या दुकानाजवळ. इथे बऱ्याच सोयरिकी अशाच जुळतात. दाखवण्याचा कार्यक्रम मांडून बसण्यापेक्षा मला हे फार बरं वाटतं. पोरगी आपल्या मैत्रिणींसोबत हसत-बोलत असते, कोणापुढे पोह्यांची ताटली घेऊन उभी नसते.

ऑर्गनवादक, गडचिरोली जिल्हा

स्टेजच्या पुढे खाली आम्ही बसतो. ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅडही. वर दोरीला माईक लटकलेले. विंगेत प्रॉम्प्टर नक्कल, म्हणजे नाटकाची संहिता, हातात धरून. बाहेरच्या लोकांना नवल वाटतं, पण आमच्याकडे सगळ्यांनी एकत्र बसून महिनाभर तालीम केली असं होत नाही. एक नट कुरखेड्याचा, एक सिंदेवाहीचा, नायिका नागपूरची. काल ते वेगळ्या कंपनीत, वेगळ्या नाटकात होते. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांपर्यंत न जाता नटापर्यंत जायला पाहिजे, ही मोठी कला आहे आणि तिला टाळी मिळत नाही. नट वाक्य विसरला तर मी एक सूर धरून ठेवतो. तेवढ्यात प्रॉम्प्टर त्याला शब्द देतो आणि प्रेक्षकांना वाटतं हे असंच होतं.

पहिल्या अंकात पब्लिक बोलत असते, पान खात असते. दुसऱ्यात गाणी रंगतात. कोणी शंभराची नोट पाठवतं, माईकवरून नाव पुकारलं जातं, वन्समोर होतो. खरी परीक्षा तिसऱ्या अंकाची. पहाटेचे चार वाजलेले, दव पडतंय, पट्ट्या गार, बोटं वळत नाहीत. मी शेकोटीतला विस्तव घमेल्यात मागवून पायाशी ठेवतो. त्या वेळी आईचा मरणाचा प्रवेश असतो आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत असतात. मी हे अनेक हंगाम पाहिलं आहे, तरी त्या गाण्याला माझाही गळा भरतो.

२०२० च्या दिवाळीत आमच्याकडे मंडया भरल्या नाहीत. नाटकं नाहीत म्हणजे कमाई नाही. आमच्यातला एक चांगला गायक नट त्या वर्षी दुसऱ्याच्या बांधीत धान कापत होता, आणि कापताना गात होता. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा त्याच नटाचा मला पहिला फोन आला. त्याला पुढे बोलता येईना.

नाटकात काम करणारी, नागपूर

मेकअप रूम म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळेचा वर्ग. फळ्यावर उजळणी लिहिलेली असते, खिडकीला साडी बांधून आडोसा करायचा, बाकावर आरसा टेकवायचा. पूर्वी बायकांची कामं पुरुषच करायचे. मग आमच्यासारख्या आल्या. नागपूरला शेजारी मला विचारतात, "रातभर कुठं राहता?" गावात असं कोणी विचारत नाही. एका गावी नाटक संपल्यावर एक आजी वर्गात आल्या, मला बाकावर बसवलं, हळद-कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घातली. म्हणाल्या, "तू नाटकात लय सोसलं माय, आता घरी जाऊन निजजो." अंगावर अजून विधवेच्या पार्टाचं पांढरं लुगडं होतं, त्याच पदरात मी ते तांदूळ घेतले.

गोंदिया जिल्हा

नाटकावर सगळे लिहिणार, म्हणून मी दिवसाच्या कार्यक्रमाचं लिहितो. आमच्या घरी खडी गंमत होती. आजोबा डफ वाजवायचे आणि सवाल-जवाबात समोरच्या शाहिराला तासन्‌तास उभं ठेवायचे. मंडईला गोवारी बांधव ढाल घेऊन येतात, उंच बांबूला मोरपिसं बांधलेली, मागे बासरी आणि नाच. तिथून खरी मंडई सुरू होते असं आजोबा मानायचे.

आता दुपारी मोठे स्पीकर लागतात आणि ढोलकी, तुणतुणं त्यात बुडून जातं. मला याचं फार वाईट वाटतं. दंडारीत स्त्रीपार्ट करणारे जुने लोक थकले आहेत, आणि त्यांची गाणी वहीत लिहिलेली नाहीत, तोंडी आहेत. आमच्या मंडळाने यंदा दुपारी बारा ते चार फक्त दंडार आणि गंमत, त्या वेळात स्पीकर बंद, असं ठरवून घेतलं. पोरं आधी कुरकुरली. मग त्यांच्यातलेच दोघं टाळ घेऊन उभे राहिले. प्रत्येक मंडळाने हे करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. सोबत मोबाईलवर आवाज तरी भरून ठेवा.

तिवसा तालुका, अमरावती

आमच्याकडे मंडई नाही, पण गुरुकुंज मोझरीचा आठवडा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या आधी, पुण्यतिथी महोत्सव असतो. गावोगावच्या भजन मंडळांच्या दिंड्या पायी येतात. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, आणि मधल्या सगळ्या वेळात खंजिरी. दहा-बारा वर्षांच्या मुली ज्या जोरात खंजिरी वाजवतात ते ऐकायलाच मी जातो. मौन श्रद्धांजलीच्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं थांबतं. रस्त्यावरच्या गाड्याही. आमच्या गावचे लोक तिथे वाढायला आणि झाडायला जातात. ती सेवा वाटून घेतलेली असते आणि बापाकडून लेकाकडे येते.

यवतमाळ

थोडंच लिहिते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, मुलींचा गाण्यांचा सण. घरोघरी गाणी, आणि डबा हलवून खिरापत ओळखायची. आमच्या वाड्यावर मुली कमी झाल्या म्हणून आता आयाच बसतात, मुलगेही बसतात. चालतं की.

धागाकर्ता

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मंडळाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवणार आहे. दुपारी स्पीकर बंद ठेवायचं तर नक्कीच मांडतो.

एक-दोघांनी यायचं कसं ते विचारलं आहे. वडसा स्टेशन गोंदिया–बल्लारशा मार्गावर आहे, तिथून आसपासच्या गावांना बस किंवा काळीपिवळी मिळते. चादर आणि कानटोपी आणा, पहाटे फार गारठा असतो. जेवणाची काळजी करू नका, आमच्याच घरी या. मंडई हुकली तर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, या. २०१४ च्या बंदीनंतर कितीतरी वर्षं पट बंद होते, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून पुन्हा भरायला लागले आहेत. पटाच्या रात्रीही नाटक असतंच. आमच्या भागातल्या तारखा कळल्या की इथेच टाकतो.