सेमी ऑटो शॉटगन नीट चालायला मॉड (मूळ गनमध्ये केलेले बदल) लागतातच का?

टेक्सासचा सातारकर:
आमच्या इथे क्ले शूटिंगला (हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम) हल्ली बरीच नवीन मराठी मंडळी यायला लागलीत, छान वाटतं, पण एक गोष्ट बघून जीव तुटतो. गन घेतली की एक बॉक्ससुद्धा काडतुसं उडवायच्या आधी स्प्रिंग, फॉलोअर (ट्यूबमधली काडतुसं ढकलणारा तुकडा), मोठा बोल्ट हँडल, एक्स्टेन्शन ट्यूब (काडतुसांची नळी लांब करणारी) असं सगळं ऑर्डर करून मोकळे. का, तर व्हिडिओत कुणीतरी सांगितलं की सेमी ऑटो, म्हणजे एक काडतूस उडलं की पुढचं आपोआप भरणारी गन, बॉक्समधून काढली तशी चालतच नाही. माझं ठाम मत आहे की चालते. नव्वद टक्के वगैरे आकडे मी फेकणार नाही पण जॅम झालेली गन हातात घेतली की कारण बहुतेक वेळा काडतूस, घाण नाहीतर झिजलेला एखादा स्वस्त पार्ट यातलंच निघतं.

समजून घ्या, सेमी ऑटोला स्वतःची ताकद नसते, बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) मागे ढकलायची सगळी ताकद काडतुसातून येते. गॅसवाल्या गनमध्ये बॅरलच्या छिद्रातून थोडा गॅस घेऊन पिस्टन ढकलतात, इनर्शियावाल्यात गनला मागे बसणारा धक्काच वापरतात. आता साडेतीन इंची मॅग्नमसाठी बनवलेल्या गनमध्ये तुम्ही २४ ग्रॅमचं हलकं टार्गेट काडतूस घातलंत आणि उडालेल्या काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर पडायच्या पोर्टमध्येच (फटीत) अडकलं तर गनला नावं कशाला ठेवायची.

रेमिंग्टन ११०० घ्या, १९६३ पासूनची गन. फोरएन्ड (बॅरलखालची पुढची मूठ) काढा, बॅरल पुढे ओढून काढा, मॅगझिन ट्यूबवर (काडतुसं ठेवायची नळी) पिस्टनच्या पुढे खाचेत एक काळी रबरी ओ रिंग बसलेली दिसेल. ती कडक झाली, तिला चीर गेली की गॅस बाजूने निसटतो आणि बोल्ट अर्ध्यातून परत फिरतो. रिंग बदलली की गन पुन्हा चालू. याला मॉड म्हणत नाहीत, ही देखभाल झाली. आणि लोक मात्र रिंग न बघता रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे आणणारी) बदलत बसतात, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

थ्रीगनवाला:
साफ असहमत. तुम्ही निवांत २५ काडतुसांचा स्कीट राउंड खेळता म्हणून असं वाटतं. कंपनीची गन म्हणजे सगळ्यांना थोडी थोडी बरी पडेल अशी तडजोड असते. थ्रीगन मॅचमध्ये (रायफल, पिस्तूल आणि शॉटगन तिन्हींची स्पर्धा) घड्याळ चालू असतं, हात घामेजलेले, चार चार काडतुसं एकदम ट्यूबमध्ये ढकलायची, तेव्हा त्या अरुंद लोडिंग पोर्टमध्ये अंगठा चिमटतो, काडतूस अर्धवट जातं आणि परत बाहेर येतं. मग पोर्ट रुंद करून घेणं, लिफ्टर (काडतूस वर उचलणारी पट्टी) वेल्ड करून घेणं हे हौसेचं काम कसं?

दुसरं, बेरेटा १३०१ चं उदाहरण सगळ्यांना माहिती आहे. सुरुवातीच्या मॉडेलला बोल्ट रिलीजचं (मागे अडकवलेला बोल्ट सोडायचं) बटण एवढं मोठं आणि उघडं की गन लोड असताना धक्का लागून दाबलं गेलं तर ट्यूबमधलं काडतूस निसटून लिफ्टरवर येतं आणि गन अडते. लोक त्यावर छोटं कव्हर बसवतात. ते कव्हर म्हणजे मॉडच ना? की त्यालाही देखभाल म्हणणार?

टेक्सासचा सातारकर:
कव्हरचं मान्य, ते मॉडच आणि कामाचं आहे. पण पोर्ट रुंद करणं हा लोडिंगच्या स्पीडचा प्रश्न आहे हो, गन फायर होऊन पुढचं काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला, जिथून ते उडतं) नेते की नाही हा वेगळा प्रश्न. तुम्ही मॅच खेळता, तुमची गरज खरी आहे. पण डव्ह हंटिंगला (होल्यांच्या शिकारीला) जाणारा माणूस एक्स्टेन्शन ट्यूब लावून काय करणार? स्थलांतरित पक्ष्यांना फेडरल नियमाने गनमध्ये सगळी मिळून तीनच काडतुसं चालतात, ट्यूबमध्ये प्लग (जागा अडवणारा दट्ट्या) ठेवावाच लागतो.

मिनेसोटाची वैनी:
माझ्याकडे इनर्शिया गन आहे आणि मी सातारकरांच्या बाजूने आहे, उलट मी म्हणेन की मॉडनेच गन बिघडतात. यात फायर झाल्यावर अख्खी गन मागे सरकते आणि बोल्ट जागेवर थांबायला बघतो, त्या फरकाने बोल्टच्या आतली जाड स्प्रिंग दबते आणि तीच उसळून बोल्टला मागे फेकते. म्हणजे गन मोकळेपणाने मागे सरकायला हवी. आता तुम्ही तिच्यावर टॉर्च, साइड सॅडलमध्ये (गनच्या बाजूला लावायची काडतुसांची पट्टी) सहा काडतुसं, जाड स्लिंग असं दोन दोन पौंड लटकवलं की गन कमी सरकणार, स्प्रिंग कमी दबणार आणि हलकं काडतूस सायकलच होणार नाही, म्हणजे रिकामं बाहेर पडून पुढचं भरलंच जाणार नाही. मग म्हणायचं इनर्शिया बेभरवशाची!

एका बाबतीत मात्र थ्रीगनवाल्यांना साथ देते. ज्यांची रिकॉइल स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळीत असते त्यांनी ती नळी कधीतरी उघडून बघाच. बदकांच्या शिकारीत पाणी तिथे उतरतं आणि बाहेर यायला वाट नसते, वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, आत गंजाचा चिखल. तिथे मूळ स्प्रिंगऐवजी स्टेनलेस स्टीलची घालणं मला पटतं. आणि थंडीत तेल कमी घाला बाई, इकडे जानेवारीत जाड तेल मेणासारखं होतं आणि बोल्ट रांगत पुढे जातो.

ओहायोकर:
तुम्ही सगळे चांगल्या गनांबद्दल बोलताय. सैगा १२ ला विसरलात? रशियातल्या इझेव्स्कहून अमेरिकेत आलेल्या बऱ्याच नगांची तक्रार एकच, गॅसची छिद्रं कमी किंवा अर्धवट झाकलेली, त्यामुळे हलकी काडतुसं चालायचीच नाहीत. गॅस प्लगवर १ आणि २ अशी सेटिंग असून उपयोग नाही कारण मुळात गॅसच येत नाही. तिथे ओ रिंग बदला, तेल घाला हे सल्ले घेऊन माणूस करणार काय? काम करून घ्यावंच लागतं. त्यामुळे "बॉक्समधून काढली तशी चालते" हे सरसकट विधान मला मान्य नाही.

टेक्सासचा सातारकर:
सैगाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, ती अपवाद आहे आणि तिथे चांगल्या गनस्मिथकडे जावंच. फक्त आयात केलेल्या सेमी ऑटोत पार्ट बदलताना ९२२ आर हा अमेरिकेचा फेडरल कायदा डोक्यात ठेवा, त्याच्या यादीतले दहापेक्षा जास्त परदेशी पार्ट असता कामा नयेत.

पण हेच ऐकून लोक घरी ड्रिल घेऊन बसतात त्याची मला भीती वाटते. ११०० च्या तीन इंची मॅग्नम बॅरलला एकच गॅस छिद्र असतं आणि पावणेतीन इंचीला दोन, ते मुद्दाम तसं केलेलं आहे. हलकी काडतुसं चालावीत म्हणून मॅग्नमचं छिद्र मोठं केलंत की पुढच्या वेळी जड काडतुसाने बोल्ट मागे इतक्या जोरात आदळतो की गनचं आयुष्य जातं. छिद्र मोठं करता येतं, लहान करता येत नाही. त्यापेक्षा पावणेतीन इंची बॅरल वेगळी घ्या, मिनिटभरात बदलून होते.

खडकीचा नेमबाज:
अमेरिकेतल्या दुकानात काडतुसांच्या भिंती असतात हो, म्हणून "काडतूस बदला" म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे भारतात वर्षानुवर्षं बारा बोअर म्हणजे इथल्याच अॅम्युनिशन फॅक्टरीचं शक्तिमान काडतूस. इम्पोर्टेडचे भाव ऐकले की सराव बंद. मग काडतूस ठरलेलं असेल तर बदल गनमध्येच करायचा ना?

थ्रीगनवाला:
हाच तर माझा मुद्दा! +१

मिनेसोटाची वैनी:
खडकीकर, गन कुठली आहे तुमची? जुनी ब्राउनिंग ऑटो ५ असेल तर कंपनीनेच ती सोय दिलेली आहे. फोरएन्ड काढला की ट्यूबवर मोठी स्प्रिंग, एक पोलादी रिंग आणि पितळेसारखा दिसणारा फ्रिक्शन पीस (मागे येणाऱ्या बॅरलला घासून रोखणारा) दिसतो. जड काडतुसांना रिंग स्प्रिंगच्या पुढे, तिची उतरती बाजू फ्रिक्शन पीसकडे. हलक्यांना तीच रिंग काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या गनच्या धडाला) टेकवून ठेवायची. कितीतरी जुन्या गन निव्वळ रिंग चुकीच्या जागी असल्यामुळे अडतात किंवा फोरएन्डला तडे जातात.

खडकीचा नेमबाज:
ऑटो ५ च आहे, वडिलांची, लायसन्सवर माझ्याकडे आली. रिंग कशी बसवलीय ते कधी बघितलंच नव्हतं कुणी.

टेक्सासचा सातारकर:
मग आज तेवढंच बघा, बाकी कशाला हात लावू नका. आधी गन रिकामी आहे ना ते दोनदा तपासा, चेंबर आणि ट्यूब दोन्ही. ट्यूब कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा अगदी हलका हात, कारण तिथे तेल जास्त झालं की फ्रिक्शन पीस पकडत नाही आणि बॅरल मागे आदळते. आणि भारतात दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या गनस्मिथकडूनच, शस्त्र कायदा १९५९ त्याबाबतीत कडक आहे. रिंग कुठल्या जागी निघाली आणि रिकामं खोकं नेमकं कुठे अडकतंय ते इथे लिहा, मग स्प्रिंगचं बघू.