मदत हवी आहे: सिनेमाबाहेर काय पाहू, काय वाचू?

नमस्कार मंडळी. नाशिकला असतो, नोकरी सांभाळून पहिली शॉर्टफिल्म लिहितोय. गोष्ट पिठाच्या गिरणीतली आहे: डबे रांगेत लावून बायका बसलेल्या, पट्ट्याच्या आवाजावर मात करत गप्पा चाललेल्या.

अडचण अशी की डोळे मिटले की मला तेच दिसतं जे सगळ्यांना दिसतं. ड्रोनने गाव, मग उन्हाच्या तिरिपीत उडणारं पीठ, तेही स्लो मोशनमध्ये! ओटीटी जे पुढ्यात वाढतं तेच आपण सगळे जेवतोय, म्हणून चवही सारखीच.

फाळके सिनेमाकडे आले ते चित्रकला, फोटोग्राफी, छपाई आणि जादूचे प्रयोग करून. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून पुढे कॅमेऱ्याकडे वळल्या. म्हणजे शिदोरी बाहेरूनच आणलेली. (‘वर्ल्ड सिनेमाच्या १०० फिल्म्स’ छापाच्या याद्या कृपया नकोत, त्या आहेत माझ्याकडे.)

तर सांगा, बायकांचं आपसातलं बोलणं नेमकं पकडणारं कुणाचं लेखन वाचू? जात्यावरच्या ओव्या मूळ आवाजात कुठे ऐकायला मिळतील? कामाच्या जागांचे जुने कृष्णधवल फोटो कुठे पाहता येतील? आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला जुने मराठी सिनेमे बसून पाहायचे असतील तर आधी कुणाशी बोलावं लागतं? तिथे जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा, शनिवारी सुट्टी असते मला.