भयकथा लिहितेय पण वाचून कोणी घाबरतच नाही (आणि एका कराराबद्दलही विचारायचंय)

रातराणी_२
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली भयकथा लिहितेय, अकरा पूर्ण झाल्यात. ज्यांना वाचायला देते ते म्हणतात छान आहे, भाषा चांगली आहे, पण घाबरलं कोणीच नाही, आणि भयकथेला कोणी नुसतं "छान" म्हणालं की मला खरंच रडू येतं. शेवटच्या कथेत एक बाई एकटी राहते, रात्री जिन्यात पावलं वाजतात, ती दार उघडते तर समोर लाल डोळ्यांची, केस मोकळे सोडलेली आकृती. त्या आकृतीचं वर्णन दीड पान आहे, सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घेतलीय. नक्की कुठे चुकतंय?
दुसरं म्हणजे एका ऑडिओवाल्यांना हीच कथा हवीय. एकरकमी मानधन देतायत, करारात "सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी" असं लिहिलंय. पहिल्यांदाच कोणी पैसे देतंय म्हणून सही करून टाकावीशी वाटतेय.

काजवा
मेहनत घेतलीत ती दार उघडल्यानंतर, आणि भीती असते दार उघडायच्या आधी. अ‍ॅन रॅडक्लिफ म्हणून एक इंग्रज लेखिका होती, गॉथिक (जुने वाडे, गूढ, भीतीचं वातावरण असलेल्या) कादंबऱ्या लिहायची, तिचा एक लेख ती गेल्यावर १८२६ मध्ये छापून आला, त्यात तिने टेरर आणि हॉरर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मांडलंय. टेररमध्ये काय आहे ते नीट कळत नाही म्हणून मन ताणून जागं होतं, आणि हॉररमध्ये सगळं समोर दिसतं आणि मन गोठतं. तुमच्या कथेत दुसऱ्याला दीड पान आणि पहिल्याला बहुतेक चार ओळी मिळाल्यात.
मी स्वतः एक करतो, वाचकाला मोजायला लावतो. समजा घरात चार माणसं आहेत आणि दोरीवर पाच टॉवेल वाळत पडलेत. एवढंच लिहायचं, "विचित्र" नाही, "गूढ" नाही, काही म्हणायचं नाही. घरातलं कोणीतरी म्हणेल अरे जुना असेल, कपाटातून निघाला असेल, आणि हे म्हणायलाच हवं कारण खरी माणसं आधी साधं कारणच शोधतात. दुसऱ्या दिवशी पाचवा टॉवेल ओला. इथे वाचकाने स्वतः हिशोब केलेला असतो त्यामुळे ती भीती त्याची स्वतःची होते, तुम्ही सांगितलेली राहत नाही.
"भयानक", "अंगावर काटा आला", "काळजात धस्स झालं" हे शब्द शोधून काढून टाका आणि मग कथा परत वाचा. काही उरलं तर ते खरं.

मधली_ओळ
काजवा यांचं बरंचसं पटलं, पण कधीच काही दाखवायचं नाही असा अर्थ कोणी घेऊ नये. सगळी कथा नुसती चाहूल देत राहिली आणि शेवटी हातात काही आलं नाही तर वाचक चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. दाखवा, पण उशिरा, आणि दीड पान नको, एकच तपशील द्या जो विसरता येणार नाही.
मला वेगळीच शंका आहे, ही बाई दार का उघडते? एकटी आहे, रात्र आहे, फोन जवळ असेल, मग का? त्याचं उत्तर कथेत नसेल तर वाचक तिथेच बाहेर पडतो. तिला कोणाची तरी वाट बघायची असेल तर? ती पावलं तिच्या ओळखीची असतील तर? मग दार उघडणं अटळ होतं.
आणि वाचणाऱ्याला "आवडली का" विचारू नका. "वाचताना मोबाईल कुठे हातात घेतलास" ते विचारा, त्या जागेवर खूण करा.

शाईचा_डाग
कराराबद्दल. सही करू नका, आधी मेल करा.
तुम्ही कथा विकत नसता, एकेक हक्क वापरायला देत असता. ऑडिओ वेगळा, छापील वेगळा, भाषांतर वेगळं, सिनेमा-सिरीज वेगळं. त्यांना ऑडिओ हवाय तर ऑडिओच द्या, एका भाषेत, ठरावीक वर्षांसाठी, आणि मुदत संपल्यावर हक्क तुमच्याकडे परत येतील असं स्पष्ट लिहून घ्या. स्टीफन किंग या अमेरिकन भयकथा लेखकाची पहिली कादंबरी १९७४ मध्ये आली तेव्हा हार्डकव्हरचा अ‍ॅडव्हान्स होता २,५०० डॉलर. पुढे तिचे पेपरबॅकचे हक्क ४ लाख डॉलरला गेले आणि त्यातले अर्धे त्याला मिळाले, कारण करारात तशी वाटणी लिहिलेली होती. तुमच्या करारातली ती ओळ तशीच राहिली तर उद्या काहीही झालं तरी तुमचा वाटा शून्य.
पैसे कधी मिळणार तेही बघा, कथा स्वीकारल्यावर की प्रसिद्ध झाल्यावर, कारण "प्रसिद्ध झाल्यावर" मध्ये माणूस दोन दोन वर्षं लटकतो, माझं झालंय. आणि कोणी संग्रहात कथा घेतो म्हणून तुमच्याकडेच पैसे मागितले किंवा अमुक प्रती विकत घ्या म्हणाले तर सरळ नाही म्हणा.
बाकीच्या दहा कथा सोशल मीडियावर टाकू नका. बरीच मासिकं ते आधी प्रसिद्ध झालेलं धरतात आणि मग घेत नाहीत. एक साधी शीट ठेवा, कुठली कथा कुठे कधी पाठवली, उत्तर काय आलं. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी चालते का ते प्रत्येकाच्या नियमात लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

रातराणी_२
तिघांचेही मनापासून आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. ती ओळ काढून फक्त ऑडिओ आणि तीन वर्षं असं करा म्हणून मेल पाठवलाय, अजून उत्तर नाही, पण पाठवल्यावर हलकं वाटलं.
दीड पान गेलं. मधली_ओळ, तुमचा प्रश्न डोक्यातून जातच नव्हता, आता ती पावलं तिच्या नवऱ्याची आहेत, एक पाय ओढत चालायचा तो. ती ऐकते, उठते, आणि सवयीने दुसरा कप काढून ठेवते. दार अजून उघडलेलं नाहीये. तिथेच थांबलेय कारण पुढचं लिहायला मलाच दिवसाउजेडी बसावंसं वाटतंय, हे याआधी कधी झालं नव्हतं.